दिवा विझला, दोष राहिला

जून २०२५मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा प्रसिद्ध केला. १ जानेवारी २०२६पासून तयार होणाऱ्या नव्या मोटारसायकली आणि स्कूटर, इंजिन १२५ सीसीहून लहान असले तरी, एबीएससह याव्यात, असा त्याचा आशय होता. मोटारी आणि १२५ सीसीहून मोठ्या दुचाकी एप्रिल २०१९पासूनच या सक्तीखाली आल्या आहेत. मसुद्यावर जी चर्चा झाली तिचा बराचसा भाग किमतीबद्दल होता. गाडी महागणार का, महागली तर खेड्यापाड्यातल्या माणसाने काय करायचे, वगैरे. हे प्रश्न खोटे नाहीत. पण मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. एवढे आकडे समोर असताना सक्तीला विरोध करणे मला तरी जमणार नाही.

मला पडतो तो प्रश्न पुढचा आहे. गाडी शोरूममधून बाहेर पडली, पेढे वाटले, लिंबू-मिरची बांधली. त्यानंतर पंधरा-वीस वर्षे ती रस्त्यावर असणार. या काळात तिचे दोन-तीन मालक बदलणार, दहा मेकॅनिकांचे हात तिला लागणार. तिच्यातले हे एबीएस सातव्या वर्षी चालू आहे की बंद, बाराव्या वर्षी कोणी त्याची वायर तोडली आहे का, हे कोण पाहणार? कायदा विक्रीच्या दिवशी हजर असतो. पुढच्या पंधरा वर्षांत तो कुठे असतो?

हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो तो एका विशिष्ट जातीच्या गाड्यांमध्ये. जुन्या, वेगवान आणि मालकाने हौसेने बदललेल्या. या शतकाच्या पहिल्या दशकात टर्बो इंजिनाच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारख्या काही मोटारी आपल्याकडे आल्या. ऑक्टाव्हिया तर आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडली जाई. त्या काळी अशा गाड्या डॉक्टर, बिल्डर, कारखानदार घेत. आज त्या वीस वर्षांच्या झाल्या आहेत आणि नोकरीला लागून चार वर्षे झालेल्या मुलाच्या आवाक्यात आल्या आहेत. मुलगा ती घेतो, इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवतो, आखूड स्प्रिंगा घालून गाडी जमिनीलगत आणतो, मोठी अलॉय चाके बसवतो, कधी दुसऱ्या गाडीच्या मोठ्या डिस्क आणून लावतो. घरातल्यांना एवढेच कळते, की गाडीचा आवाज वाढला. आणि एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गोलाच्या आत तीन इंग्रजी अक्षरे: एबीएस.

चाक अडकू नये म्हणून

हे यंत्र करते तरी काय, ते थोडक्यात पाहू. जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचे थांबते, पण गाडी थांबत नाही. ती अडकलेल्या चाकांवर घसरत पुढे जाते. घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. समोर ट्रक असो, नाही तर शाळेतून येणारी मुले असोत. एबीएसचे काम हे अडकणे टाळण्याचे. ब्रेक दाबतानाही गाडी वळवता यावी, ही त्याची खरी देणगी आहे. गाडी कमी अंतरात थांबतेच असे नाही. खडीवर किंवा भुसभुशीत मातीवर उलट थोडी लांबही जाऊ शकते.

ही कल्पना मुळात विमानांकडून आली. मोटारींसाठी इलेक्ट्रॉनिक रूपात बॉशने ती १९७८मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणली. रचना तेव्हापासून साधारण तीच आहे. प्रत्येक चाकाजवळ एक दातेरी कडे किंवा चुंबकीय पट्टी फिरते आणि तिच्यासमोर मिलिमीटरभर अंतरावर एक सेन्सर बसलेला असतो. कडे फिरले की सेन्सरमधून लहरी निघतात. इंजिनाशेजारी असलेले मॉड्यूल चारही चाकांच्या लहरी मोजत बसते. एखादे चाक बाकीच्या तिघांपेक्षा एकाएकी मंद झाले, की ते अडकण्याच्या बेतात आहे असे समजून मॉड्यूल त्या चाकाचा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, परत देते, परत सोडते. सेकंदाला दहा-पंधरा वेळा. पायाखाली पेडल थरथरते ते त्यामुळे.

या रचनेत एक शहाणपण आहे. मॉड्यूल स्वतःवरही नजर ठेवते. चावी फिरवली की पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो. ती त्याची रोजची हजेरी. कुठल्याही चाकाची बातमी येईनाशी झाली किंवा पटण्याजोगी नसली, तर मॉड्यूल दिवा लावते आणि स्वतः बाजूला होते. चुकीच्या माहितीवर ब्रेक सोडण्यापेक्षा काही न करणे बरे, असा त्याचा हिशेब. साधे ब्रेक चालूच राहतात. म्हणूनच माणसे त्या दिव्याकडे दुर्लक्ष करतात. 'ब्रेक तर लागतायत ना!' हे वाक्य मी किती जणांकडून ऐकले, त्याची मोजदाद नाही.

ब्रेक लागतात, हे खरे. पण इतकी वर्षे ज्याने एबीएसच्या भरवशावर पेडल रपकन दाबायची सवय लावून घेतली, तो पावसाळ्यात घाटात तसेच दाबणार आणि या वेळी चाके अडकणार. शिवाय अनेक गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाटून देण्याचे कामही हेच मॉड्यूल करते. पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर ती वाटणीही बंद पडली असण्याची शक्यता असते. मग मागची चाके आधी अडकतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. दोन्ही दिवे एकदम लागले तर ब्रेक ऑइलची पातळी पाहावी आणि गाडी पुढे चालवू नये, टो करून न्यावी. मूळची शंभर-सव्वाशे घोड्यांची गाडी दोनशेची केलेली असेल, तर हे किती महाग पडेल ते वेगळे सांगायला नको.

हौसेचे दुखणे

बदललेल्या गाडीत एबीएस का रुसते? कारण मॉड्यूलने मूळची गाडी पाठ केलेली असते. तुमची हौस त्याला कोणी कळवलेली नसते.

चारही चाके सारख्या मापाने मोठी केली, तर सहसा काही बिघडत नाही; मॉड्यूल चाकांची आपसांत तुलना करते. स्पीडोमीटर तेवढा चुकतो. पण पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर घातले, की एक जोडी कायम जलद फिरते आणि मॉड्यूलला ते खोटे वाटते. आखूड स्प्रिंगा घातल्या, की सेन्सरच्या वायरीचा मूळचा मार्ग बदलतो. ती कुठे ताणली जाते, कुठे टायरला घासते. ड्राइव्ह शाफ्ट बदलला आणि नव्यावरच्या कड्याला दाते कमी-जास्त असले, तर ते चाक आयुष्यभर चुकीचा वेग सांगत राहते. अलीकडच्या बेअरिंगांत चुंबकीय पट्टी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच असते. प्रेस करणाऱ्याने बेअरिंग उलटे बसवले, तर गाडी झकास चालते, आवाजही येत नाही, पण सेन्सरसमोर पट्टीच नसते. म्युझिक सिस्टिमसाठी जाड वायरी ओढताना कोणी अर्थिंगचा बोल्ट सैल ठेवला, की व्होल्टेज पडते आणि मॉड्यूल दिवा लावते.

याखेरीज वयाचे दोष असतात. मॉड्यूलच्या पोटातले सांधे उष्णतेने आणि धक्क्यांनी वीस वर्षांत तडकतात. गाडी थंड असताना दिवा नसतो, तापली की लागतो. पंपाच्या मोटारीचे कार्बन झिजतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल पिते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे असे बहुतेक कंपन्या सांगतात; किती जण बदलतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि एक दोष असा, की त्यात दिवाच लागत नाही. सेन्सरसमोरच्या दातेरी कड्याखाली गंज चढतो, कडे फुगते किंवा तडकते. खाऱ्या हवेतल्या गाडीला हे अधिक होते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या मालकांनी ध्यानात ठेवावे. गाडी सिग्नलला थांबता थांबता, ताशी पाच-दहाच्या वेगात, पेडल उगाचच थरथरते आणि गाडी हातभर पुढे जाते. मॉड्यूलला वाटते चाक अडकले, म्हणून ते ब्रेक सोडते. मालकाला वाटते रस्ता निसरडा होता.

मेकॅनिकचा पहिला तास

माझ्या भाच्याकडे अशीच एक वीस वर्षांची गाडी आहे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. त्याच्या आधीच्या मालकाने ती खाली आणली होती, मोठी चाके घातली होती. पिवळा दिवा कधी लागे, कधी विझे. पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला, पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कोड आला, सेन्सर बदलला, कोड पुसला. तीन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. तेव्हा भाच्याचा मला फोन आला.

“मामा, आता म्हणतायत मॉड्यूल गेलंय. नवीन मिळत नाही, जुनं आणावं लागेल, आणि ते गाडीशी जुळवायचे पैसे वेगळे.”

“कशावरून गेलं म्हणतात?”

“सेन्सर तर नवीनच आहे ना, मग राहिलं काय? मॉड्यूलच.”

या तर्काला आपल्याकडे जुनी म्हण आहे: रोग रेड्याला, औषध पखालीला. मी त्याला थांबायला सांगितले आणि आम्ही वाहनांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांच्या पहिल्या तासाचे वर्णन केल्यावाचून या लेखाचा मुद्दा पुरा होणार नाही, कारण त्या तासात त्यांनी गाडीचा एकही भाग बदलला नाही.

आधी त्यांनी विचारले, “दिवा कधीपासून? त्याच्याआधी गाडीला काय काम केलं होतं? सरळ जाताना लागतो की वळताना?” भाचा विचारात पडला. मग म्हणाला, “सोसायटीच्या गेटमधून आत वळतो ना, तेव्हा बहुतेक.” मिस्त्रींनी ते वहीत लिहिले. मग स्कॅनर लावून कोड वाचले आणि तेही लिहून घेतले. “पुसायचे शेवटी, साहेब. आधी पुसले की साक्षीदार गेला,” असे ते मला म्हणाले. स्वस्तातले जे स्कॅनर मिळतात त्यांतले बरेचसे फक्त इंजिनाची बातमी देतात. एबीएसचे मॉड्यूल वाचणारा स्कॅनर वेगळा, हेही त्यांच्याकडूनच कळले.

मग गाडी चालवत नेली आणि स्कॅनरच्या पडद्यावर चारही चाकांचे वेग एका ओळीत पाहिले. सरळ रस्त्यावर चारही आकडे बरोबरीने चालले होते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवले आणि पुढच्या डाव्या चाकाचा आकडा शून्यावर आला. सरळ केले, आकडा परतला. परत गॅरेजमध्ये येऊन त्यांनी मॉड्यूलचा प्लग काढला आणि त्या सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला. सेन्सरजवळ नव्हे, दुसऱ्या टोकाला, म्हणजे मधली सगळी वायर मोजली जाईल. सरळ चाकाला हजारएक ओहम. चाक पूर्ण वळवले, मीटर कोरा. मधली वायर आवरणाच्या आत तुटलेली होती. स्प्रिंगा बदलताना वायर धरून ठेवणारी एक रबरी क्लिप कोणीतरी परत बसवली नव्हती. वायर दर वळणाला ताणली जात होती. बाहेरून ती अगदी धडधाकट दिसत होती.

दुरुस्ती म्हणजे हातभर वायर आणि एक क्लिप. काम झाल्यावर कोड पुसले, गाडी पुन्हा चालवून चार आकडे पाहिले, मोकळ्या जागी जोराने ब्रेक दाबून पेडल थरथरते का तेही पाहिले आणि मगच चावी हातात दिली.

मिस्त्रींनी एक सावधगिरीही सांगितली. मीटर लावून ओहम मोजण्याची ही रीत जुन्या, गुंडाळीच्या सेन्सरांची. नव्या पद्धतीचे सेन्सर वीज पुरवल्याशिवाय बोलत नाहीत. त्यांचे ओहम मोजून काही कळत नाही, कधी ते बिघडतातही. अशा वेळी डाव्या-उजव्या बाजूचे सेन्सर सारखे असतील तर अदलाबदल करून पाहायचे. दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर सेन्सर वाईट. जागेवरच राहिला तर वायर, कडे किंवा मॉड्यूल. आणि एखाद्या चाकाचा आकडा प्रत्येक फेऱ्याला एकदा दचकत असेल, तर कड्याचा दाता तुटलेला आहे. मॉड्यूलवर संशय घ्यायचा तो सर्वांत शेवटी, अर्थिंग आणि व्होल्टेज तपासून झाल्यावर.

मी बँकेत होतो तेव्हा खतावणी जुळली नाही, तर फरकाची रक्कम आधी नऊने भागून पाहत असू. भाग गेला, तर बहुधा कोणीतरी ५४चे ४५ लिहिले असणार. म्हणजे फरकाचा आकडा चूक कुठे आहे ते सांगत नाही, ती कोणत्या जातीची असू शकेल एवढे सांगतो. स्कॅनरच्या कोडचे तसेच आहे. सी-००३५ हा कोड 'पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचे सर्किट' एवढेच म्हणतो. सर्किटात सेन्सर आला, वायर आली, प्लग आला, कडे आले, मॉड्यूलची पिनही आली. आपण सर्किट हा शब्द गाळतो आणि सेन्सर विकत आणतो.

विचाराची मजुरी

यावर कोणी म्हणेल, सगळे मेकॅनिक असे का करत नाहीत? त्याचे उत्तर मेकॅनिकच्या आळसात शोधणे मला अन्यायाचे वाटते. ते आपल्या खिशात आहे. सेन्सर बदलला तर आपण सेन्सरची किंमत देतो, वर मजुरी देतो, कारण हातात डबी दिसते. कोणी दोन तास मोजमाप करून 'तुमचा सेन्सर चांगला आहे, वायर तुटली आहे' असे सांगितले आणि दोन तासांचे पैसे मागितले, तर आपण म्हणतो, “केलं काय तुम्ही? हातभर तर वायर जोडली!” विचाराला मजुरी द्यायची आपल्याला सवय नाही. डॉक्टरला तपासणी फी देतो, वकिलाला सल्ल्याची देतो, पण गॅरेजमधल्या निदानाला मोल नाही. मग गॅरेजवाल्यानेही जे विकले जाते तेच विकावे, हे ओघानेच आले. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सुटे भाग मिळतील; निदान तिथल्या फळीवर नसते.

याच्या पुढची पायरी अधिक वाईट आहे. दोष सापडत नाही, गाडी विकायची आहे, तेव्हा दिवाच विझवायचा. जुन्या गाड्यांत बल्ब काढून टाकतात, काचेमागे काळी टेप लावतात. त्याहून हुशार असेल तो एबीएसची वायर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडतो, म्हणजे चावी फिरवल्यावर दिवा लागतो आणि विझतोही. घेणाऱ्याला वाटते हजेरी लागली. ही लबाडी केवळ पैशाची नाही. घेणारा माणूस आपल्या बायकोमुलांना त्या गाडीत बसवून पावसात खंबाटकीचा किंवा आंबेनळीचा घाट चढणार असतो.

कायदा कुठे असतो?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिला योग्यता तपासणीला जावे लागत नाही. म्हणजे एप्रिल २०१९मध्ये सक्तीने एबीएस घेऊन रस्त्यावर आलेली मोटार सरकारी तपासनिसासमोर पहिल्यांदा उभी राहील ती २०३४मध्ये. दुचाकीचेही तेच. गंमत अशी, की तिच्या धुराची तपासणी आपण ठरल्या मुदतीने करून घेतो, पीयूसीचा कागद जवळ बाळगतो. धूर दरवर्षी तपासतो आणि ब्रेक पंधरा वर्षांनी! वीस वर्षांच्या गाडीवर सरकारचे लक्ष आहे ते शुल्काच्या रूपाने. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० झाले. जुनी गाडी नको, हा त्यामागचा संदेश स्पष्ट आहे. जुनी गाडी ठेवायची तर कशी ठेवा, हे मात्र शुल्कातून कळत नाही.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते, आणि एबीएसचा दिवा बिघाड दाखवत असेल तर गाडी नापास होते. युरोपीय संघाच्या २०१४च्या तपासणीविषयक निर्देशातही हा दोष मोठा मानला आहे. दिवा तिथे शोभेचा नाही, त्याच्यावर निकाल ठरतो.

बदललेल्या गाड्यांबाबत तर आपली स्थिती आणखी चमत्कारिक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार, नोंदणीपत्रातला तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. हेतू चांगला आहे. पण रस्त्यावर काय दिसते? बदललेल्या गाड्या काही कमी झाल्याचे दिसत नाही. त्या बदलांची नोंद मात्र कुठेच नाही. मालक सांगत नाही, मेकॅनिक बिलावर लिहीत नाही, पुढच्या खरेदीदाराला पत्ता नसतो. आजार लपवला तर वैद्य काय करणार? मिस्त्रींचा पहिला प्रश्न आठवा: याच्याआधी गाडीला काय काम केलं होतं? आपल्या व्यवस्थेने याच प्रश्नाचे उत्तर देणे गुन्हा करून ठेवले आहे.

जर्मनीत स्प्रिंगा किंवा चाके बदलायला बंदी नाही. भाग मान्यताप्राप्त असावा लागतो, आणि गरजेप्रमाणे अधिकृत तपासनिसाला गाडी दाखवून बदलाची कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. हौस चालते, पण ती तपासली जाते. मला वाटते, आपणही सरसकट बंदी आणि सरसकट डोळेझाक यांच्या मधला हा रस्ता धरायला हवा. ब्रेक, स्प्रिंगा आणि चाके यांतले जे बदल सुरक्षित आहेत त्यांची यादी करावी, ते तपासून नोंदवावेत, बाकीच्यांना दंड करावा. खासगी वाहनांची ब्रेकची तपासणी पंधराव्या वर्षाऐवजी पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू व्हावी, आणि तिच्यात एबीएसचा दिवा लागतो का आणि विझतो का, या दोन्हींची स्वतंत्र नोंद असावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही. चावी फिरवून पाच सेकंद पाहणारा माणूस लागतो.

तपासणी वाढवली की लाच वाढते, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून सरकारची वाट न पाहता घरी करण्याजोग्या गोष्टीही सांगून ठेवतो. जुनी गाडी घेताना इंजिन सुरू करण्याआधी चावी 'ऑन'वर फिरवा. एबीएसचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागून राहिला तर दोष आहे. मुळीच लागला नाही तर दोषही आहे आणि विकणाऱ्याची नियतही तपासली पाहिजे. तो तेलाच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर, इंजिन सुरू होताच त्याच क्षणी विझत असेल, तर वायर जोडली असल्याचा संशय घ्या. एबीएस वाचणारा स्कॅनर लावून चारही चाकांचे वेग पाहू द्या म्हणा. नाही म्हणाला तर गाडीही नको म्हणा. तुमच्या मुलाने गाडीत काय काय बदलले त्याची तारीखवार वही ठेवायला सांगा. ओरडू नका, वही मागा. आणि ज्या मेकॅनिकने मोजून, शोधून दोष काढला त्याला त्याच्या तासांचे पैसे हसतमुखाने द्या. असे मेकॅनिक टिकावेत असे वाटत असेल, तर दुसरा मार्ग नाही.

आपल्याकडे सुरक्षितता ही वस्तू समजली जाते. ती विकत घेतली, गाडीला बसवली, की संपले. पण एबीएसचे मॉड्यूल रोज सकाळी चावी फिरवल्याबरोबर स्वतःची तपासणी करते आणि दोष सापडला तर न लाजता दिवा लावून सांगते. वीस वर्षांचे ते यंत्र हे काम अजून इमानाने करत असते. ते सांगते ते ऐकून घेणारी तपासणी, गॅरेज आणि मालक त्याला मिळतील की नाही, यावर पुढच्या पंधरा वर्षांत त्या नव्या सक्तीचे काय होणार ते ठरेल.